डोमेन गेलं 'ब' कंपनीकडे, माझे ६४ हजार कोणाकडे?

बर्डीचा_लेखनिक

नमस्कार मंडळी. थोडं लांबण आहे, पण गोष्टच तशी आहे.

मी नागपुरात वेबसाइटींसाठी मराठी मजकूर लिहून देतो. दवाखाने, मंगल कार्यालयं, सोलरवाले, जे येईल ते. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका ऑनलाइन रमीवाल्यांचं काम आलं. नाव घेत नाही, 'अ' कंपनी म्हणू. डाव कसा लावायचा, सिक्वेन्स कशाला म्हणतात, पत्ता कधी टाकायचा, अशी ३८ पानं. मार्च २०२५ मध्ये शेवटचं पान दिलं. ८० हजार ठरले होते, १६ आले, ६४ बाकी.

मधल्या काळात एक भानगड झाली. 'अ'ची साइट डॉट इनवर होती. त्याच नावाची डॉट कॉमवाली दुसरी कंपनी निघाली, 'ब'. तीही रमीवालीच. 'ब'चं म्हणणं, हे नाव आमचं, ट्रेडमार्क आमच्याकडे, तुम्ही आमची गिऱ्हाइकं पळवून राहिले. 'अ'चं म्हणणं, नावातले दोन्ही शब्द रोजच्या वापरातले, कोणाच्या बापाचे नाहीत. प्रकरण लवादाकडे गेलं आणि जूनमध्ये डोमेन 'ब'ला मिळालं. त्या दिवसापासून 'अ'च्या माणसाचा फोन बंद.

ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा आला आणि पैशाचे खेळ सगळ्यांचेच थांबले. मी म्हटलं, गेले पैसे. पण सप्टेंबरात सहज पाहिलं तर ती डॉट इन साइट पुन्हा उघडलेली. वर 'ब'चा लोगो, खाली 'फुकट खेळा, सराव करा', आणि आत माझी ३८ पानं, जशीच्या तशी. अकराव्या पानावर मी आपल्या नागपूर मेट्रोचं उदाहरण लिहिलं होतं: 'जोकर म्हणजे सीताबर्डी इंटरचेंज समजा. खापरीहून आलात, प्रजापतीनगरला जायचंय, तर गाडी इथंच बदलणार. जोकर असाच दोन तुटक्या लाइनी जोडतो.' तेही तसंच आहे!

आता माझे पैसे 'ब'कडे मागता येतात का? आणि दुसरी शंका, नुसती उत्सुकता म्हणून: ज्या धंद्यावरच बंदी, त्याच्या नावाचं भांडण कोणी ऐकतं तरी कसं?

इतवारी_एक्स्प्रेस

जोकरचं उदाहरण झकास आहे बाप्पा. ६४ हजार त्याचेच असतील.

तर्रीबाज

अबे पण डॉट इन आन् डॉट कॉम दोन येगळे हायेत ना? मग भांडण कायचं?

वकीलीणबाई

वेगळे आहेत म्हणूनच भांडण. पहिल्यांदा आलेल्याला डोमेन मिळतं, नोंदणी करताना कोणी विचारत नाही की हे नाव दुसऱ्या कोणाचं आहे का. तक्रार नंतर येते. डॉट कॉमसाठी १९९९ पासून एक धोरण आहे, यूडीआरपी म्हणतात. त्यात तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: डोमेन माझ्या ट्रेडमार्कशी गोंधळ होण्याइतकं सारखं आहे, समोरच्याचा त्या नावावर कुठलाही रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने नोंदवलंही आणि वापरलंही. जिनिव्हाच्या वायपोकडे (बौद्धिक संपदेची जागतिक संघटना) एका लवादापुढे पाच डोमेनपर्यंत तक्रारीची फी १५०० डॉलर. समोरच्याला उत्तराला २० दिवस. कागदावरच चालतं, साक्षी-उलटतपासणी नाही.

डॉट इनचं धोरण निक्सीचं, म्हणजे डॉट इन सांभाळणाऱ्या संस्थेचं, नाव इनडीआरपी. साधारण तोच साचा, पण एक फरक मोठा आहे. तिथे 'नोंदवलंही आणि वापरलंही' नाही, 'नोंदवलं किंवा वापरलं' एवढ्यावर भागतं. शिवाय बेकायदा कामासाठी वापर हेही कारण त्यात घातलेलं आहे. 'अ'ला तिथे जड गेलं असणार.

आता तुमच्या पैशांचं. दोन्ही धोरणांत लवाद मुख्यत्वे एवढंच करू शकतो: डोमेन रद्द करणं किंवा तक्रारदाराला देणं. नुकसानभरपाई नाही, हिशेब नाही, जुन्या मालकाची देणी तर नाहीतच. डोमेन म्हणजे दुकानावरची पाटी. 'ब'ने पाटी नेली, 'अ'ची उधारी नेली नाही. तेव्हा बिल 'अ'कडेच.

पण मला वेगळाच प्रश्न पडलाय. पाटी नेली, मग आतलं सामान 'ब'कडे कसं आलं?

बर्डीचा_लेखनिक

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटलं डोमेनबरोबर सगळंच जातं.

सर्व्हर_डाऊन

नाही जात. होस्टिंग 'अ'चं, फाइली 'अ'च्या सर्व्हरवर. डोमेन हलवलं की पत्ता फक्त दुसऱ्या सर्व्हरकडे वळतो, तिथं काहीच नसतं. म्हणजे 'ब'च्या माणसाने जुन्या साइटची पानं इंटरनेट आर्काइव्हवरून (तिथं साइटींच्या जुन्या प्रती जतन असतात) किंवा आधीच उतरवून ठेवलेली परत चढवली.

का, तेही सांगतो, हे माझं रोजचं काम आहे. 'रमी कशी खेळतात' असं मराठीत शोधलं की गूगलवर ज्या पानांचे पत्ते वर येत होते, ते पत्ते या डोमेनचे. त्या पत्त्यांवर पान नसेल तर काही आठवड्यांत गूगल त्यांना खाली ढकलतं. म्हणून पत्ता तोच आणि मजकूर तोच ठेवायचा. यांना नावाचं काही पडलेलं नसतं भाऊ. भांडण असतं त्या नावामागून येणाऱ्या लोकांच्या रांगेचं. त्यातही जुगाराच्या धंद्यात एक नवीन गिऱ्हाईक आणायला जाहिरातीवर इतका खर्च होतो की फुकट येणारी रांग म्हणजे सोनं.

फुटाळा_चौपाटी

मला एक कळत नाही. जुगारवाल्यांसाठी लिहिताना लाज वाटली नाही, आता ६४ हजारांसाठी धागा काढून राहिले. ते पैसे कुठून येणार होते ते माहीत होतं ना?

बर्डीचा_लेखनिक

माहीत होतं. तेव्हा रमी कायदेशीर होती, तसं मी स्वतःला सांगितलं. तुमचं म्हणणं मी खोडत नाही.

वकीलीणबाई

ते नुसतं स्वतःला सांगणं नव्हतं. सुप्रीम कोर्टाने १९६८ मध्येच आंध्रच्या एका खटल्यात रमीला मुख्यत्वे कौशल्याचा खेळ म्हटलं होतं. तीन पत्तीला ते लागू नाही. इतकी वर्षं सगळ्या रमी ॲपवाल्यांनी त्याच एका वाक्यावर इमले बांधले. २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने कौशल्य की नशीब हा भेदच काढून टाकला: पैसे लावून ऑनलाइन खेळ, मग तो कोणताही असो, चालवायला बंदी. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि ५० लाख. राष्ट्रपतींची सही २२ ऑगस्टची. तुमचं काम मार्चमध्ये संपलेलं, तारखा जपून ठेवा.

कळमना_मंडी

आमच्या गावात पोळ्याच्या करीला पत्ते बसत. पोलीस आले की ताडपत्रीसकट पळायचे. तिथं ट्रेडमार्कची भानगड नव्हती, झाड हाच पत्ता.

तर्रीबाज

आन् झाड दुसऱ्या पार्टीनं घेतलं तर?

कळमना_मंडी

मग लवाद पोलीस पाटील 😂

जुना_खेळाडू

वयाने मोठा आहे म्हणून मटक्याचं सांगतो. कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळीत सुरू केला, रतन खत्री पुढच्या दोन-तीन वर्षांत वेगळे झाले. त्याआधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावावर आकडा लावायचे, ते बंद झाल्यावर माठातून चिठ्ठ्या आल्या. आज 'कल्याण' हे नाव किती साइटींवर आहे मोजा. कोण कोणावर दावा ठोकणार? दावा ठोकायला कोर्टात उभं राहून 'हा माझा मटका' असं म्हणावं लागेल. त्यामुळे ते नाव गावच्या बैलासारखं मोकळं फिरतं.

म्हणून लेखनिकभाऊंची दुसरी शंका मला जास्त आवडली. माझ्या मते बंदीनंतर 'ब'चा ट्रेडमार्कसुद्धा असाच मोकळा बैल होणार.

वकीलीणबाई

काका, इतकं सरळ नाही. 'ब' आता फुकट खेळ दाखवतोय, पैसे न लावता खेळायला बंदी नाही. शिवाय ट्रेडमार्क वर्ग ४१ मध्ये असतो, त्यात करमणूक, शिक्षण, खेळ सगळं एका टोपलीत. दुसऱ्या देशात परवाना असेल तर तिथला धंदा चालूच. आणि यूडीआरपीचे लवाद बहुतेक वेळा धंदा कुठे कायदेशीर आहे यात पडतच नाहीत, ते नाव आणि हेतू बघतात. ब्रिटनच्या बेट ३६५ सारख्या सट्ट्याच्या कंपन्या वायपोकडे अशा तक्रारी वर्षानुवर्षं करत आल्या आहेत.

भारतात डोमेनला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळतं हे सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये सिफीच्या प्रकरणात पक्कं केलं. सत्यम इन्फोवेचं 'सिफी' आणि समोरच्याचं 'सिफ्फी', एका अक्षराचा खेळ.

मोठी_बहीण_वर्धारोड

एका अक्षराचा खेळ आमच्या घरात झालाय, म्हणून लिहिते. एरवी वाचून सोडून देते.

माझा लहान भाऊ. कंपनीचं नाव मी पण घेत नाही. टीव्हीवर रोज जाहिरात लागायची तिच्यावर तो खेळायचा, हरायचा, ते वेगळं. पण एक दिवस त्याने त्याच नावात एक 'ए' जास्त असलेल्या साइटवर ४० हजार टाकले. लिंक टेलिग्रामवर आलेली. रंग तोच, तोच हिरवा टेबल, तेच पान. पैसे गेले आणि साइट दोन दिवसांत गायब. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवली, बँकेत गेलो. खऱ्या कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की आम्ही आमच्या ट्रेडमार्कच्या संरक्षणासाठी योग्य ती पावलं उचलत आहोत, कळवल्याबद्दल आभार. चार महिन्यांनी त्या नकली नावाचं डोमेन खऱ्या कंपनीकडे आलं. आता ते उघडलं की सरळ खऱ्या साइटवर जातं. म्हणजे माझ्या भावाने ४० हजार घालून शोधून दिलेला दरवाजासुद्धा शेवटी त्यांच्याच घरात उघडला. त्याचे पैसे नाहीच आले.

तो आता बरा आहे. बुटीबोरीला कामाला जातो.

फुटाळा_चौपाटी

ताई, वाचून गप्प झालो. लेखनिकभाऊंना मघाशी जरा जास्तच बोललो.

इतवारी_एक्स्प्रेस

वातावरण हलकं करतो. नावावरून आठवलं, 'सावजी'चं काय? नागपुरात प्रत्येक गल्लीत सावजी. कोणाचा ट्रेडमार्क?

तर्रीबाज

सावजी कोणाचाच नाही, सावजी सगळ्यांचा. रस्सा ज्याचा झोंबला तो खरा.

हलबापुरा

सावजी हा आम्हा कोष्टी लोकांच्या घरचा स्वयंपाक आहे, कोणी कंपनी काढून त्याची मालकी सांगेल तर खपवून घेणार नाही. एवढंच.

सर्व्हर_डाऊन

आणि इथंच 'अ'ची बाजू होती बघा. 'रमी' हा शब्द सावजीसारखाच, कोणाचा नाही. 'रमी'ला मागे-पुढे एक साधा शब्द जोडला की तो तुमचा होतो का? अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये बुकिंग डॉट कॉमच्या बाबतीत म्हटलं की साध्या शब्दाला डॉट कॉम लागून लोक त्याला एक विशिष्ट कंपनी म्हणून ओळखत असतील तर ट्रेडमार्क मिळू शकतो. मला तो निकाल पटत नाही. उद्या कोणी 'सावजी डॉट कॉम' घेऊन बसला तर हलबापुरावाले काय करणार?

हलबापुरा

येऊ द्या त्याला जेवायला.

गोरेवाड्याचा_बिबट्या

हल्दीराम विसरले का राजेहो? १९३७ चं बिकानेरचं दुकान, पुढे घराण्याच्या शाखा नागपूर, दिल्ली, कोलकाता. नाव एकच, आणि कोलकाता-दिल्लीच्या शाखा त्या नावावरून वर्षानुवर्षं कोर्टात. जमिनीवर इलाखे वाटून घेता येतात, हे तुमचं ते आमचं. नेटवर इलाखाच नसतो, डॉट कॉम एकच. दोन चुलतभाऊ दोन शहरांत एका नावाने सुखाने भुजिया विकू शकतात, पण एका पत्त्यावर दोघं राहू शकत नाहीत. मला वाटतं डोमेनच्या सगळ्या भांडणांचं मूळ हेच.

वकीलीणबाई

बिबटेराव, हे माझ्या अशीलांना समजवायला वापरणार आहे. परवानगी गृहीत धरते.

जुना_खेळाडू

अमेरिकेतला एक किस्सा. केंटकी राज्याने २००८ मध्ये १४१ जुगारी डोमेनं जप्त करायला घेतली. कशाखाली? 'जुगाराचं साधन' म्हणून! म्हणजे पत्त्यांचा जोड, यंत्र, फासे आणि डोमेन एकाच यादीत. पहिल्या कोर्टाने मानलंसुद्धा. वरच्या कोर्टाने २००९ मध्ये सांगितलं की नाव म्हणजे यंत्र नव्हे. नंतर ते आणखी वर गेलं आणि दुसऱ्याच मुद्द्यावर अडकलं.

तर्रीबाज

आमच्याकडं पोलीस सतरंजी पण जप्त करते. डोमेन कायले सोडतील.

बर्डीचा_लेखनिक

मंडळी, सावजी, हल्दीराम, केंटकी सगळं फिरून झालं. माझे ६४ हजार?

वकीलीणबाई

हो, येते. 'अ'कडून वसुलीत एक खास अडचण आहे. करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार निरर्थक असतो. बाकी देशात पैजेला पूरक असलेले इतर करार तरी टिकू शकतात, १९५९ च्या घेरूलाल पारखच्या निकालात सुप्रीम कोर्टाने ते सांगितलं. पण जुन्या मुंबई इलाख्यात १८६५ चा एक कायदा आहे, तो पूरक करारांनाही निरर्थक ठरवतो. 'अ' कंपनी तिथली असेल तर तिचा वकील हा मुद्दा काढणार. त्यावर तुमचं उत्तर, रमी पैज नव्हे आणि मजकूर लिहिणं पैजेला पूरक नव्हे. मला तुमची बाजू बरी वाटते, पण कंपनी मुळात सापडली पाहिजे.

'ब'चा रस्ता वेगळा आणि जास्त सोपा आहे. तिथे उधारी मागूच नका. कॉपीराइट मागा. तुम्ही नोकर नव्हता, बाहेरून काम करत होता. अशा लेखनाचा पहिला मालक लेखक, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी द्यावे लागतात. तुम्ही 'अ'ला काही लिहून दिलंय का? मेल, कोटेशन, काहीही?

बर्डीचा_लेखनिक

करार नाही. कोटेशन आहे. त्यात खाली एक ओळ आहे: 'पूर्ण रक्कम मिळाल्यानंतर मजकुराचे सर्व हक्क ग्राहकाचे.' खरं सांगतो, ती ओळ माझी नाही. एका लग्नाच्या फोटोग्राफर मित्राचं कोटेशन उतरवलं होतं, 'अल्बम'च्या जागी 'मजकूर' टाकला.

वकीलीणबाई

त्या मित्राला पोहे खाऊ घाला. पूर्ण रक्कम आली नाही, म्हणजे हक्क तुमच्याकडेच. 'अ'कडेच हक्क नव्हते, तर 'ब'ला मिळणार कुठून? 'ब'ला मेल करा: ही ३८ पानं माझी, हे कोटेशन, या मूळ फाइली तारखांसह, काढून टाका किंवा परवान्याचे पैसे द्या. होस्टिंगवाल्याला आणि गूगललाही तक्रार करा. आपल्या नियमांप्रमाणे अशी लेखी तक्रार आली की मध्यस्थाने, म्हणजे होस्टिंगवाल्याने किंवा गूगलने, ३६ तासांत पाऊल उचलायचं असतं. मात्र २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो मजकूर परत चढवू शकतो, तेव्हा आधी सलोख्याने बघा. आणि धागा वाचून सल्ला झाला असं समजू नका, कागद घेऊन कोणाला तरी भेटा.

सर्व्हर_डाऊन

मेल पाठवायच्या आधी सगळ्या पानांचे स्क्रीनशॉट घ्या, आणि आजची पानं आर्काइव्हला जतन करा. आधी. मेल नंतर.

फुटाळा_चौपाटी

पैसे मिळाले तर काय कराल?

बर्डीचा_लेखनिक

जीएसटी भरीन 😐

*(तीन आठवड्यांनंतर)*

बर्डीचा_लेखनिक

धागा वर काढतो, हकीकत सांगायची होती. सर्व्हरभाऊंनी सांगितलं तसं आधी जतन केलं, मग 'ब'ला मेल केली. आठ दिवस शांतता. मग एका बाईंची मेल आली, अतिशय गोड इंग्रजीत: साइटवरील मजकूर आमच्या टीमने स्वतंत्रपणे तयार केलेला आहे, तरी सद्भावनेपोटी २० हजार देऊन विषय मिटवायला आम्ही तयार आहोत.

स्वतंत्रपणे! मी पुन्हा साइट उघडली. अकरावं पान बदललंय. सीताबर्डी काढून तिथे दादर टाकलंय.

मोठी_बहीण_वर्धारोड

म्हणजे मेल वाचली आणि आधी ते पान गाठलं. २० हजारांवर मिटवू नका.

वकीलीणबाई

बदल कधी दिसला ती तारीख लिहून ठेवा, जुनं आणि नवं पान शेजारी-शेजारी छापून घ्या. स्वतंत्रपणे तयार केलेल्या मजकुरातून तुमचं गाव काढायची गरज का पडली, एवढंच विचारा.

इतवारी_एक्स्प्रेस

दादर तर दादर, उदाहरण लागू होतं ना पण. तिथंही लोक गाडी बदलतात.

बर्डीचा_लेखनिक

होतं. पण घाईत बाकीचं वाक्य बघितलंच नाही त्यांनी. आता तिथं असं आहे: 'खापरीहून आलात, प्रजापतीनगरला जायचंय, तर गाडी दादरला बदलणार.'

तर्रीबाज

लै फिरून जाते बाप्पा ती मेट्रो 😂